‘वाजवी वाट्या’च्या पत्रावर सही करावी का? भारत, कोरिया, अमेरिका आणि युरोप शेजारी-शेजारी ठेवून

माझा मावसभाऊ तालुक्याच्या गावी इंटरनेटची जोडणी देतो. काकांची केबल होती, त्यानं ती फायबरवर नेली. गेल्या महिन्यात मी गावी गेले तेव्हा त्यानं मोबाइल पुढे केला. जोडणीवाल्यांच्या ग्रुपवर एका पत्राचा मसुदा फिरत होता. व्हिडिओ, सोशल मीडिया आणि ओटीटीच्या बड्या कंपन्या आपल्या जाळ्यावरून अमाप कमावतात, जाळ्याचा खर्च मात्र आपल्या डोक्यावर बसतो. तेव्हा त्यांच्याकडून ‘वाजवी वाटा’ घेण्याचा नियम सरकारनं करावा, अशी मागणी. खाली सह्या. ‘ताई, तू यातलं वाचत असतेस. करू का सही?’

मी लगेच उत्तर दिलं नाही. एक तर यात माझा स्वतःचा स्वार्थ आहे, तो आधीच सांगून टाकते. मी मराठी माध्यमाच्या मुलांसाठी विज्ञानाचे व्हिडिओ करते आणि ते त्याच्यासारख्यांच्या तारेवरूनच घराघरात पोचतात. दुसरं म्हणजे ही मागणी नवी नाही. आपल्याकडे जिओ, एअरटेल आणि व्होडाफोन आयडिया ज्या संघटनेत आहेत ती सीओएआय हेच मागते, युरोपातल्या दूरसंचार कंपन्याही मागतात, आणि दक्षिण कोरियानं तर वेगळ्या वाटेनं का होईना, ते करूनही बघितलं. तेव्हा अंदाज बांधण्याची गरज नाही, काय झालं ते बघता येतं. ट्राय, म्हणजे आपला दूरसंचार नियामक, पुन्हा हरकती-सूचना मागवेल तेव्हा काय लिहावं असा प्रश्न ज्यांना पडलाय, त्यांच्याही हे उपयोगी पडावं.

आधी भावाची बाजू

त्याचं म्हणणं समजून घ्यायचं तर रात्री साडेआठला त्याच्या मागच्या खोलीत बसावं. भिंतीला लोखंडी रॅक, त्यात ओएलटी, म्हणजे गावभरच्या घरांतल्या फायबरला जिथून सिग्नल जातो ते यंत्र. खाली दोन इन्व्हर्टर, समोर सतत फिरणारा टेबलफॅन. मॉनिटरवर एक हिरवा आलेख. दुपारभर तो सपाट असतो, सातनंतर चढायला लागतो आणि नऊच्या सुमाराला त्याचा डोंगर होतो. मालिका, क्रिकेट, रील्स. वरच्या कंपनीकडून भाऊ जी बँडविड्थ घेतो ती या डोंगराच्या उंचीसाठी घ्यावी लागते. दुपारी ती पडून राहते, पण पैसे द्यावेच लागतात. त्यावर खांबांचं भाडं. जेसीबीनं नाहीतर माकडांनी वायर तोडली की स्प्लायसिंगचं, म्हणजे तुटलेलं फायबर जोडायचं, यंत्र घेऊन रात्री-बेरात्री पळायचं. ‘नळ माझा, मोटर माझी, आणि पाण्यावर पैसे कमावतो तिसराच,’ तो म्हणतो. यातलं एक अक्षरही खोटं नाही.

पण त्या आलेखाच्या शेजारी दुसरा आलेख आहे, कॅशेचा. मोठ्या व्हिडिओ कंपन्या आपल्या साठवणुकीच्या पेट्या जोडणी देणाऱ्या कंपन्यांच्या जाळ्यात किंवा मोठ्या शहरांतल्या डेटा सेंटरांत आणून ठेवतात. गूगलच्या आहेत, नेटफ्लिक्सच्या ‘ओपन कनेक्ट’ नावाच्या आहेत. एकदा मालिका त्या पेटीत आली की प्रत्येक घरासाठी ती समुद्राखालच्या केबलमधून वर्सोव्याच्या किनाऱ्यावर नव्यानं यावी लागत नाही. भावाला कॅशेवरची बँडविड्थ बाहेरच्या बँडविड्थपेक्षा स्वस्तही पडते. म्हणजे ज्यांना पत्रात ‘फुकटे’ म्हटलंय त्यांनी आपल्या बाजूची मोटर बसवलेली आहे. आणि पाणी मागवतं कोण? भावाचं गिऱ्हाईक. ते ‘प्ले’ दाबतं तेव्हाच व्हिडिओ येतो, आणि त्यासाठीच ते महिन्याला पैसे मोजतं.

२०१६ च्या जुलैमध्ये महाराष्ट्र सरकारनं फळं-भाज्यांची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचं ठरवलं तेव्हा बाजार समित्यांत केवढा गदारोळ झाला, आठवत असेल. ते भांडण अडत कोणत्या बाजूनं द्यायची याचं होतं. ‘वाजवी वाटा’ ही दोन्ही बाजूंनी अडत आहे: बघणाऱ्याकडून रिचार्जच्या रूपानं घेतलेलीच आहे, आता दाखवणाऱ्याकडूनही.

भारत: छोटासा नियम, त्यामागे दहा लाख पत्रं

आपल्याकडचा ‘नेट न्यूट्रॅलिटी’चा, म्हणजे जाळ्यावरचा सगळा मजकूर सारखाच वागवण्याचा, नियम आयता मिळालेला नाही. २०१४ च्या डिसेंबरमध्ये एअरटेलनं इंटरनेटवरून केलेल्या कॉलना वेगळे पैसे लावायचं जाहीर केलं आणि ओरड झाल्यावर काही दिवसांत मागे घेतलं. २०१५ च्या मार्चमध्ये ट्रायनं ११८ पानांची चर्चापत्रिका काढली, त्यात वीस प्रश्न. एरवी ती कोणी उघडलीही नसती. स्वयंसेवकांनी तिचा गोषवारा केला, उत्तरांचे नमुने लिहिले आणि दहा लाखांवर ईमेल ट्रायकडे गेले. त्याच एप्रिलमध्ये ‘एअरटेल झीरो’ आलं. ॲपच्या कंपनीनं पैसे भरायचे, मग ग्राहकाला ते ॲप वापरताना डेटा लागणार नाही. फ्लिपकार्ट त्यात जाणार होतं. लोकांचा राग बघून मागे फिरलं.

मग फेसबुकचं ‘इंटरनेट डॉट ऑर्ग’, जे पुढे ‘फ्री बेसिक्स’ झालं. २०१५ च्या फेब्रुवारीत रिलायन्स कम्युनिकेशन्सबरोबर ते भारतात सुरू झालं तेव्हा पहिल्या सहा राज्यांत महाराष्ट्र होता आणि भाषांमध्ये मराठी. मी ते शेजारच्या एका मुलाच्या सिमवर उघडून बघितलं होतं. मोजक्या संकेतस्थळांची यादी: बातम्या, हवामान, नोकऱ्या आणि अर्थात फेसबुक. यादीबाहेरच्या दुव्यावर बोट ठेवलं की इशारा यायचा: पुढे गेलात तर पैसे पडतील. यादीत यायचं तर फेसबुकच्या अटी पाळायच्या. व्हिडिओ चालणार नाही, दोनशे केबीहून मोठा फोटो चालणार नाही. माझ्या धड्यांना त्या इंटरनेटमध्ये उभं राहायला जागा नव्हती.

वर्षाच्या शेवटी मार्क झुकेरबर्गनं एका इंग्रजी दैनिकात लेख लिहिला. त्यात त्यानं उदाहरण दिलं ते महाराष्ट्रातल्या एका शेतकऱ्याचं: फुकट सेवेमुळे त्याला हवामान कळतं, बाजारभाव कळतात, मग याला विरोध का? मला ते उदाहरण फार लागलं. त्या शेतकऱ्याला बाजारभाव कळू नयेत असं कोणाच्याच मनात नव्हतं. त्यानं कोणाच्या पाटीवरचे भाव वाचायचे हे कॅलिफोर्नियातली एक कंपनी ठरवणार होती, विरोध त्याला होता. आवळा देऊन कोहळा काढणं म्हणतात ते हेच.

८ फेब्रुवारी २०१६ ला ट्रायचा नियम आला. कोणत्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर जाताय त्यावरून डेटाचा दर बदलता येणार नाही, आणि तसा करारही कोणाशी करता येणार नाही. आणीबाणीच्या सेवेला सूट. मोडलात तर दिवसाला ५० हजार रुपये दंड, जास्तीत जास्त ५० लाख. बड्या कंपनीला हा दंड म्हणजे चहापाणी, तरी तीन दिवसांत फेसबुकनं फ्री बेसिक्स भारतातून गुंडाळलं. २०१८ मध्ये दुसरी बाजू बांधली गेली: दूरसंचार परवान्यातच अट आली की मजकूर अडवायचा नाही, मुद्दाम हळू करायचा नाही, कोणाला पैसे घेऊन पुढे काढायचं नाही. कॅशे आणि सीडीएन (मजकूर बघणाऱ्याच्या जवळ साठवून पोचवणारी जाळी) यांना मात्र वगळलं, ते बरंच झालं. २०२० च्या जुलैमध्ये एअरटेल आणि व्होडाफोन आयडियानं महाग प्लॅनच्या ग्राहकांना जास्त वेग देऊ केला तेव्हा ट्रायनं ते थांबवायला सांगून खुलासा मागितला.

नियमानंतर सात महिन्यांनी जिओ आलं आणि डेटाचे दर कोसळले. दर पाडले ते जिओच्या पैशानं आणि स्पर्धेनं, नियमानं नव्हे, हे मान्य. पण स्पर्धा झाली ती अख्ख्या इंटरनेटच्या दरावर. ‘आमच्याकडे अमुक ॲप फुकट’ हा रस्ता बंद असल्यामुळे प्रत्येकाला पूर्ण डेटाच स्वस्त करावा लागला. शेतकऱ्याला यादीतली संकेतस्थळं मिळायची होती, त्याला सगळंच मिळालं.

उणिवाही आहेत, आणि त्या लपवून मला पत्राविरुद्ध बोलायचं नाही. नियम पाळला जातो का हे रोजच्या रोज मोजणारी यंत्रणा कच्ची आहे. हा नियम कंपन्यांना बांधतो, सरकारला नाही. सरकारी आदेशानं जिल्ह्याचं इंटरनेट बंद होतं तेव्हा याचा काही उपयोग होत नाही. आणि मोठ्या कंपनीकडून जोडणीचे पैसे मागावेत का, या आताच्या प्रश्नाचं सरळ उत्तर त्यात लिहिलेलं नाही. म्हणून तर तो पुन्हा वर आला. २०२३ च्या जुलैमध्ये ट्रायनं ओटीटी संदेशसेवांवर चर्चापत्रिका काढली तेव्हा दूरसंचार कंपन्यांनी ‘वाजवी वाट्या’चा आग्रह पुढे रेटला.

दक्षिण कोरिया: जिथे पाठवणाऱ्यानं पैसे दिले

पत्रावर सही करायच्या आधी हा भाग वाचाच, कारण मागणीच्या जवळात जवळ जाणारा देश हाच.

२०१६ मध्ये कोरियानं नियम केला की जोडणी देणाऱ्या कंपन्यांच्या आपसातल्या व्यवहारात ज्याच्या जाळ्यातून माहिती निघते त्यानं ती घेणाऱ्याला पैसे द्यायचे. ऐकायला सरळ. पण परिणाम उफराटा झाला. केटी या कंपनीच्या जाळ्यात फेसबुकची कॅशे होती आणि बाकीच्या दोन मोठ्या कंपन्यांचे ग्राहकही तिथूनच फेसबुक बघायचे. नव्या नियमानं केटीला त्या दोघींना पैसे मोजावे लागले. लोकप्रिय मजकूर आपल्या घरात ठेवणं हाच गुन्हा झाल्यासारखं. केटीनं ते पैसे फेसबुककडे मागितले, आणि फेसबुकनं दुसऱ्या दोन कंपन्यांच्या ग्राहकांची वाट परदेशातून वळवली. कोरियातल्या माणसाला शेजारच्या इमारतीतली माहिती समुद्रापलीकडून यायला लागली, पानं रखडायला लागली. नियामकानं २०१८ मध्ये फेसबुकला दंड ठोठावला, न्यायालयानं पुढच्या वर्षी तो रद्द केला.

नंतर नेटफ्लिक्स आणि एसके ब्रॉडबँड ही जोडणी देणारी कंपनी यांचं भांडण. २०२० मध्ये नेटफ्लिक्स न्यायालयात गेलं: आम्ही पैसे देणं लागत नाही असं ठरवून द्या. २०२१ च्या जूनमध्ये निकाल विरुद्ध गेला. एसकेनं पैशांसाठी उलट दावा लावला. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये दोघांनी तडजोड करून दावे मागे घेतले आणि एकत्र धंद्याचा करार केला. या तडजोडीत मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे: दोन बलाढ्यांनी आपसात मिटवलं, आणि ज्यांना बलाढ्य होता आलं नाही ते उघड्यावर राहिले.

त्यातलंच एक ट्विच. लोक खेळ खेळताना थेट प्रक्षेपण करतात ती ॲमेझॉनची सेवा. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये त्यांनी कोरियात चित्राचा दर्जा ७२०पीपर्यंत खाली आणला. त्यानंही भागेना, तेव्हा जुनी प्रक्षेपणं पुन्हा बघायची सोय काढून घेतली. २०२३ च्या डिसेंबरमध्ये प्रमुख डॅन क्लॅन्सी यांनी जाहीर केलं की कोरियातला जाळ्याचा खर्च बहुतेक देशांच्या दहापट आहे, आम्ही थांबतोय. २७ फेब्रुवारी २०२४ ला ट्विच तिथे बंद झालं. ॲमेझॉनचं पाठबळ असलेल्या सेवेची ही गत. तिच्यावर पोट असणारी पोरं रातोरात दुसरं व्यासपीठ शोधत फिरली.

भावानं इथे मला अडवलं. ‘ते मोठ्यांपुरतं ना? पत्रात तर फक्त बड्या कंपन्यांकडूनच घ्यायचं म्हटलंय.’ खरंय. पण मी माझे धडे कुठे ठेवते? बड्या कंपनीच्याच सर्व्हरवर. तिचा खर्च वाढला की दर्जा कमी करा, जाहिराती वाढवा नाहीतर पैसे भरा, हे माझ्यापर्यंत आणि मग बघणाऱ्या मुलापर्यंत उतरतंच. ट्विचवर खेळणाऱ्या कोरियन पोरांकडून कोणी थेट फी मागितली नव्हती.

अमेरिका: दर निवडणुकीला नवा नियम

‘नेट न्यूट्रॅलिटी’ हा शब्द तिथलाच, टिम वू या कायद्याच्या प्राध्यापकानं २००३ मध्ये रूढ केलेला. आणि तिथेच तो सगळ्यात अस्थिर राहिला. २६ फेब्रुवारी २०१५ ला नियामक एफसीसीनं तीन विरुद्ध दोन मतांनी इंटरनेट जोडणीला टेलिफोनसारखी सार्वजनिक सेवा मानून कडक नियम केले. सरकार बदललं, १४ डिसेंबर २०१७ ला ते तीन विरुद्ध दोन मतांनीच रद्द झाले. सरकार पुन्हा बदललं, २५ एप्रिल २०२४ ला पुन्हा तीन विरुद्ध दोननं आले. २ जानेवारी २०२५ ला सहाव्या सर्किटच्या अपील न्यायालयानं सांगितलं की असा नियम करण्याचा अधिकारच एफसीसीला नाही, तो संसदेनं द्यावा लागेल. कॅलिफोर्नियासारख्या राज्यांचे स्वतःचे कायदे मात्र उभे आहेत, आणि त्यांना धार आहे: कॅलिफोर्नियाचा कायदा अमलात येताच २०२१ च्या मार्चमध्ये एटी अँड टी या दूरसंचार कंपनीनं ठरावीक सेवांचा डेटा न मोजण्याची आपली योजना देशभर बंद केली. या योजनेत कंपनीच्या स्वतःच्या टीव्ही सेवेचा डेटा मोजला जात नसे, प्रतिस्पर्ध्यांचा मोजला जाई.

२०१८ च्या उन्हाळ्यात कॅलिफोर्नियात मोठा वणवा पेटला असताना सँटा क्लारा काउंटीच्या अग्निशमन दलाच्या समन्वयाच्या गाडीच्या इंटरनेटचा वेग व्हेरायझन या मोबाइल कंपनीनं डेटाची मर्यादा ओलांडल्याच्या कारणावरून जवळजवळ दोनशेपटीनं कमी केला, आणि विचारणा केल्यावर महाग प्लॅन घ्यायला सुचवलं, असं दलाच्या प्रमुखानं न्यायालयात शपथेवर सांगितलं. व्हेरायझननं चूक कबूल केली, पण हा ग्राहकसेवेचा घोटाळा आहे, नेट न्यूट्रॅलिटीचा नाही, असंही म्हटलं. काटेकोरपणे बघितलं तर कंपनीचा दुसरा मुद्दा बरोबर असेल. मर्यादा सगळ्याच मजकुराला लागू होती. तरी आग लागलेली असताना तक्रार न्यायची कोणाकडे, हा प्रश्न उरतो. आदल्या डिसेंबरात एफसीसीनं आपले हात स्वतःच बांधून घेतले होते.

युरोप: हळू, पण दोन्ही टोकं धरून

युरोपीय संघाचा खुल्या इंटरनेटचा कायदा ३० एप्रिल २०१६ पासून लागू आहे. ठरावीक ॲपचा डेटा फुकट देण्याच्या योजनांबद्दल त्यात संदिग्धता होती, आणि त्या फटीतून योजनांचं पीक आलं. २०२१ च्या सप्टेंबरमध्ये युरोपच्या न्यायालयानं जर्मनीतल्या अशा योजना कायद्यात बसत नाहीत असा निकाल दिल्यावर त्या बंद कराव्या लागल्या. आपण २०१६ मध्ये एका छोट्या नियमानं केलं ते त्यांनी पाच वर्षं घालवून केलं.

‘वाजवी वाट्या’चा प्रश्नही त्यांनी हाताळला. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये तिथल्या नियामकांच्या मंडळानं, बेरेकनं, प्राथमिक मत दिलं की अशा फीची गरज असल्याचा पुरावा दिसत नाही. माहिती मागवतो तो ग्राहक, आणि जाळ्याचा खर्च ग्राहकांकडून निघतो आहे.

मात्र युरोपनं दुसरं टोक सोडलं नाही. बड्या कंपन्यांना वेसण घालायला त्यांनी वेगळा कायदा केला, डिजिटल मार्केट्स ॲक्ट. संघात महिन्याला साडेचार कोटी वापरकर्ते आणि ७५ अब्ज युरो बाजारमूल्य असली मापं लावून ‘दारवान’ कंपन्या ठरवायच्या आणि त्यांच्यावर आधीच बंधनं घालायची: स्वतःचं दुकान शोधात वर दाखवायचं नाही, ॲप दुसरीकडून घ्यायला अडवायचं नाही. दंड जागतिक उलाढालीच्या दहा टक्क्यांपर्यंत. २०२५ च्या एप्रिलमध्ये ॲपलला ५० कोटी आणि मेटाला २० कोटी युरोंचा दंड झाला.

समोरासमोर ठेवलं की

घरच्या बिलाचं काय? कोणत्याही मसुद्यात मला असं वाक्य दिसलं नाही की वाटा मिळाला तर रिचार्ज तेवढा स्वस्त करू. २०२४ च्या जुलैमध्ये तिन्ही खाजगी मोबाइल कंपन्यांनी पाठोपाठ दर वाढवले. जिओचा दिवसाला दीड जीबीचा २८ दिवसांचा प्लॅन २३९ वरून २९९ वर गेला. या बाजारात एकीकडून आलेला पैसा दुसरीकडे ग्राहकाला परत मिळेल असं मानायला मी तयार नाही.

नव्या माणसाला दार उघडं कुठे राहतं? भारत आणि युरोपात. अमेरिकेत तुम्ही कोणत्या राज्यात आहात त्यावर. कोरियात सगळ्यात अवघड.

छोट्या जोडणीवाल्याचं काय, हा भावाचा खरा प्रश्न, आणि त्याचं उत्तर शोधताना मला सर्वांत जास्त वेळ लागला. फीची बोलणी करायला टेबलावर कोण बसणार? ज्यांच्याकडे कोट्यवधी ग्राहक आहेत ते. भावाकडे काही शे घरं आहेत. कोणतीही जागतिक कंपनी त्याच्याशी करार करायला तालुक्याला येणार नाही. पैसा जाईल तो त्याला बँडविड्थ विकणाऱ्या मोठ्या कंपन्यांकडे. आणि त्यातलीच एक गेल्या दिवाळीपासून त्याच्याच गल्लीत फायबर टाकते आहे, पहिला महिना फुकट देऊन. म्हणजे तो सही करून प्रतिस्पर्ध्याच्या खिशात पैसे घालणार होता. हे मी बोलले तेव्हा तो बराच वेळ गप्प होता.

आणि बड्या कंपन्यांना मोकळं सोडायचं का? नाही, आणि पत्रातला राग मला इथे पूर्ण पटतो. गूगल आणि मेटा यांची ताकद आपल्या जगण्याला व्यापून बसली आहे. पण त्यासाठी आपल्याकडे हत्यारं आहेत. स्पर्धा आयोगानं २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये अँड्रॉइड प्रकरणी गूगलला १,३३७.७६ कोटींचा आणि २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये व्हॉट्सॲपच्या धोरणावरून मेटाला २१३.१४ कोटींचा दंड केला. युरोपसारखा आधीच बंधनं घालणारा डिजिटल स्पर्धा कायद्याचा मसुदा २०२४ च्या मार्चमध्ये लोकांपुढे आला. परदेशी कंपन्यांच्या ऑनलाइन जाहिरातींवर सहा टक्के समानीकरण कर आपण २०१६ पासून घेत होतो, तो १ एप्रिल २०२५ पासून काढून टाकला. बड्यांनी देशाच्या खर्चात हातभार लावावा असं वाटत असेल तर तो रस्ता होता: पैसा तिजोरीत जमा होतो, संसदेत हिशोब मागता येतो. ग्रामीण जाळ्यासाठी डिजिटल भारत निधी आहेच, त्यात तो वळवता आला असता. खाजगी दूरसंचार कंपनीला खाजगी फी वसूल करू देणं आणि कर लावणं, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

गर्दीचा ताण फीशिवायही हलका करता येतो. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि सगळा देश घरात बसून व्हिडिओ बघायला लागला, तेव्हा भारतातल्या व्हिडिओ सेवांनी एकत्र बसून मोबाइलवरचं चित्र काही आठवडे ४८०पीच्या वर न नेण्याचं ठरवलं. जाळं तगलं.

तेव्हा माझा कौल सरळ आहे. नेट न्यूट्रॅलिटीचा भारतीय नियम ठेवावा, त्यात पाठवणाऱ्याकडून फी घेता येणार नाही असं स्पष्ट वाक्य घालावं, आणि बड्या कंपन्यांच्या दादागिरीसाठी युरोपसारखा वेगळा कायदा मागावा. तुम्ही मोठ्या दूरसंचार कंपनीचे भागधारक असाल तर तुमचा हिशोब वेगळा निघेल. बाकी जोडणीवाला, व्हिडिओ करणारा, रिचार्ज मारणारा, या तिघांपैकी कोणाचाही त्या पत्रात फायदा मला सापडला नाही.

भावाला मात्र नुसतं ‘नको’ सांगून भागणार नव्हतं, कारण खर्चाचा डोंगर खरा आहे. आम्ही ओट्यावर बसून पत्र पुन्हा लिहिलं. वाट्याचा परिच्छेद त्यानं स्वतः खोडला. त्या जागी तीन मागण्या आल्या: खांबाचं भाडं जिल्हाभर एकसारखं आणि आधी जाहीर केलेलं असावं, कॅशेच्या पेट्या छोट्या जोडणीवाल्यांना मिळून तालुक्याच्या जवळ ठेवता याव्यात, वरच्या कंपनीच्या मर्जीवर नाही, आणि निधीतून गावातल्या शेवटच्या फायबरला थेट मदत मिळावी. रात्री साडेनऊला त्यानं ते ग्रुपवर टाकलं. लगेच दोघांनी विचारलं, वाट्याचं कुठे गेलं? तो उत्तर टाइप करायला लागला तेवढ्यात फोन आला, खालच्या आळीत लिंक डाऊन. यंत्राची पेटी उचलून तो गेला, आणि मोबाइल माझ्या हातात देऊन म्हणाला, ‘ते कोरियाचं तूच लिही ना जरा.’